वखारीपासून कारखान्यापर्यंत : चीनमधील पुरवठादारांच्या भेटी
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मराठी घरातील लोणच्याची बरणी चिनीमातीची असते. ती प्रत्यक्षात खुर्ज्याला भाजलेली असो वा थानगडला, तिच्या मातीला नाव मात्र चीनचेच चिकटलेले आहे. आपले हिंदी भाषक शेजारी साखरेलाही चिनी म्हणतात. वस्तू आली, तिच्याबरोबर देशाचे नाव आले, आणि पुढे वस्तू इथेच बनू लागली तरी नाव मागे राहून गेले. आज परिस्थिती उलट आहे. दिवाळीच्या दिव्यांची माळ, शर्टाची बटणे, मुलांच्या खेळण्यातील मोटार, स्वयंपाकघरातील विजेच्या उपकरणाचा एखादा सुटा भाग अशा शेकडो वस्तू त्या देशातून येतात. नाव मात्र कुणाच्या ओठी येत नाही. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ते छापलेले असते, इतकेच.

या वस्तू जेथे घडतात तेथपर्यंत जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून येणारा जो माणूस असतो, त्याच्याविषयीचे हे विवेचन आहे. आयातदार, लघुउद्योजक, खरेदी अधिकारी अशी त्याची नावे. या शाळेच्या बाकांवरून उठून गेलेल्यांतही असा प्रवास करणारे आहेत. तो विमानाने जातो, चार-सहा कारखाने पाहतो, परत येतो आणि मागणी नोंदवतो. बाहेरून पाहता हा निव्वळ व्यवहार. परंतु ‘पुरवठादाराच्या दारी जाणे’ या कृतीला जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो : गेलेल्या माणसाने नेमके काय पाहिले?

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘फॅक्टरी’ या इंग्रजी शब्दाचा आजचा अर्थ कारखाना. पूर्वी मात्र ‘फॅक्टर’ म्हणजे व्यापारी प्रतिनिधी, आणि तो जेथे राहतो व माल साठवतो ती फॅक्टरी. आपल्या पूर्वजांनी सुरतेच्या इंग्रजांच्या फॅक्टरीला ‘वखार’ हा अगदी नेमका शब्द योजला होता. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील कॅंटन, म्हणजे आजचे ग्वांगझौ, येथे नदीकाठी अशा तेरा वखारींची रांग होती. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्य व्यापाऱ्यांसाठी चीनचे हेच एक दार उघडे होते. हंगाम संपला की त्यांनी मकाऊला निघून जायचे. कुटुंबातील स्त्रियांना वखारीत आणायचे नाही. शहराच्या तटाच्या आत पाऊल टाकायचे नाही. परकीयांना चिनी भाषा शिकवणे हाही गुन्हा ठरत असे. भाषा शिकवणाऱ्यांच्या सभेत हे विशेष सांगण्याजोगे आहे. व्यापार चालावा पण बोलणे होऊ नये, अशी ती व्यवस्था होती.

मुंबईचे पारशी व्यापारी याच वखारींत उतरत. जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुण वयात चीनच्या अनेक सफरी केल्या. मुंबईत त्यांच्या नावाचे रुग्णालय व कलाशाळा उभी आहे. त्या संपत्तीचा मोठा भाग कापसाबरोबर अफूच्या व्यापारातूनही आला होता, हे शाळेच्या व्यासपीठावरून वगळून चालणार नाही. समोरच्या बाजूला हौक्वा या नावाने जगभर ओळखला जाणारा चिनी व्यापारी होता. त्याच्या शब्दावर, लेखी कराराशिवाय, मोठमोठे सौदे होत. परंतु या सर्व थोर माणसांनी जे पाहिले ते वखारीचे दालन होते. चिनी मातीची भांडी जेथे भाजली जात त्या भट्ट्या, चहाची पाने जेथे वाळवली जात त्या कढया शेकडो मैल आत होत्या. घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फक्त तयार माल येई.

आत जाऊन पाहणारे विरळाच. त्यांपैकी एक फ्रेंच धर्मोपदेशक, दांत्रकोल. जिंगदेजन या भांड्यांच्या गावी त्यांचे वास्तव्य होते, आणि १७१२ व १७२२ मध्ये त्यांनी मायदेशी दोन दीर्घ पत्रे पाठवली. माती कोणती, ती कशी मळतात, झिलई कशी चढवतात, भट्टी किती वेळ पेटती ठेवतात, हे सारे त्यांत आहे. पुढे युरोपात भांडी बनवणाऱ्यांनी ती पत्रे पाठ्यपुस्तकासारखी वाचली. एक भांडे पूर्ण होईपर्यंत सत्तर माणसांच्या हातांतून जाते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. धर्मोपदेशकाने हात मोजावेत, ही बाब व्यापाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. व्यापारी बहुधा भांडी मोजतात.

दुसरा रॉबर्ट फॉर्च्यून, स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला १८४८ मध्ये चहाची रोपे व चहाची विद्या मिळवण्यासाठी पाठवले. डोके भादरून, मागे वेणी लावून, दूरच्या प्रांतातील चिनी गृहस्थाच्या वेषात तो आतल्या मुलखात शिरला. त्याने आणलेली रोपे सहारनपूरच्या सरकारी बागेत आणि हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत लागली; सोबत चिनी कारागीरही आले. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. तिला सरळ चोरी म्हणावे की विद्येचा प्रसार, यावर वाद होऊ शकतो. वेषांतर करावे लागले यावरून उत्तराचा अंदाज बांधता येतो.

याच प्रवासात हिरव्या चहाच्या कारखान्यात त्याने जे पाहिले ते मात्र फारसे सांगितले जात नाही. कामगारांची बोटे निळी झालेली होती. मुकादम खलात प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग घोटत होता; त्यात भाजलेले जिप्समचे चूर्ण मिसळून ती पूड शेवटच्या भाजणीच्या वेळी पानांवर टाकली जात होती. चहाला त्यामुळे एकसारखी, नजरेत भरणारी हिरवट झाक येई. हा चहा चिनी माणसे स्वतः पीत नसत. फॉर्च्यूनने चौकशी केली तेव्हा त्याला साधे उत्तर मिळाले : परदेशी गिऱ्हाइकांना असाच रंग आवडतो, त्याला भावही अधिक मिळतो, मग आम्ही का देऊ नये? त्याने हिशेब मांडला. अशा शंभर पौंड चहामागे, म्हणजे सुमारे ४५ किलोमागे, पिणाऱ्याच्या पोटात अर्ध्या पौंडाहून अधिक रंग आणि जिप्सम जात होते.

लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्या गृहिणीला चहा हिरवागार हवा होता. तिची आवड वखारीपर्यंत पोहोचली, वखारीतून दलालापर्यंत, दलालाकडून मुकादमापर्यंत, आणि शेवटी खलातील निळ्या पुडीपर्यंत. वाटेतील प्रत्येकाने फक्त पुढच्याचे म्हणणे ऐकले. त्या साखळीतून कुणीही उलट चालत कारखान्यापर्यंत गेले नव्हते. गेला तो एक वेषांतर केलेला माळी.

आता आजच्या काळाकडे येऊ. कॅंटनच्या त्याच नदीकाठी १९५७ च्या वसंतापासून निर्यात मेळा भरतो. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, तीन टप्प्यांत. यंत्रे व विजेच्या वस्तू पहिल्या टप्प्यात, घरगुती व भेटवस्तू दुसऱ्यात, कापड-पोशाख यांसारख्या वस्तू तिसऱ्यात, अशी साधारण वाटणी असते. दालने इतकी विस्तीर्ण की पहिल्या दिवशी नवखा माणूस पायांनी थकतो आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी.

तेथून दूर, जज्यांग प्रांतात यिवू हे शहर आहे. तेथील बाजारात सुमारे ७५,००० गाळे आहेत. या शहराची पूर्वकथा मोठी हृद्य आहे. जमीन कसहीन, म्हणून तेथील शेतकरी शेतीची कामे नसताना खांद्यावर कावड घेऊन, हातातला डमरूसारखा खुळखुळा वाजवत गावोगाव हिंडत. घरोघर गुळाच्या वड्या देत आणि त्यांच्या बदल्यात कोंबडीची पिसे घेत. चांगल्या पिसांचे झाडू होत, उरलेल्यांचे खत. जुन्या लुगड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण ज्या घरांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९८२ मध्ये तेथील प्रशासनाने रस्त्यावरच्या या फिरत्या बाजाराला अधिकृत मान्यता दिली, आणि कावडीचे गाळे झाले.

यिवूच्या भोवताली आणि किनाऱ्याने खाली दक्षिणेपर्यंत एकेका वस्तूची गावे आहेत. दातांग मोज्यांचे, च्याओताउ बटणांचे, गूजन दिव्यांचे, शानताउजवळचे चंगहाय खेळण्यांचे. आपल्याकडे मोरबी फरश्यांचे, फिरोजाबाद बांगड्यांचे, शिवकाशी फटाक्यांचे, तसेच हे. एका गावात एकच वस्तू बनू लागली की साचा करणारा, रंग देणारा, खोकी छापणारा, सारे हाकेच्या अंतरावर येतात. स्वस्ताईचे रहस्य केवळ मजुरीत शोधणाऱ्याने अशा एखाद्या गावातून अर्धा दिवस पायी हिंडावे.

आणि आता प्रत्यक्ष भेट. गाडी दाराशी थांबते. कार्यालयात चहा येतो, दोन्ही हातांनी ओळखपत्रांची देवघेव होते, मोबाइलवर परस्परांची नोंद होते. नमुन्यांच्या दालनात काचेमागे उजळ दिवे असतात. येथेच बसून भाव ठरवावा असा यजमानाचा आग्रह असतो, आणि तो अगत्याचाही असतो. हे दालन म्हणजे जुनी वखारच. ज्याला खरोखर पाहायचे आहे तो चहा संपवून, नम्रपणे, मागच्या दाराकडे वळतो.

जाणता खरेदीदार प्रथम भिंतीवर लावलेला व्यवसाय परवाना पाहतो. त्यावर १८ अक्षरांचा नोंदणी क्रमांक, कायदेशीर प्रतिनिधीचे नाव आणि कोणत्या व्यवसायाची परवानगी आहे ते लिहिलेले असते. उत्पादन असा उल्लेख नसून केवळ विक्रीचा असेल, तर समोर बसलेला गृहस्थ कारखानदार नसून अडत्या आहे. अडत्या असण्यात काहीच वाईट नाही. आपल्या बाजारपेठा अडत्यांवरच उभ्या राहिल्या. त्याने कारखानदार म्हणवून घेणे एवढेच वाईट. म्हणून परवान्यावरचे नाव, करारावरील गोल लाल शिक्क्यातील नाव आणि पैसे ज्या खात्यात पाठवायचे त्या खात्याचे नाव, ही तिन्ही जुळतात का ते पाहायचे. पुष्कळांची फसगत इथेच झालेली आहे. सारे ठरते, विसार पाठवण्याच्या आदल्या दिवशी ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र येते, आणि ते पत्र पुरवठादाराचे नसून मधल्या भामट्याचे असते. दूरध्वनी करून, ओळखीचा आवाज ऐकून खात्री करणे, हा त्यावरचा जुनाच उपाय.

मग गोदाम. कच्चा माल कोणाकडून येतो, पोत्यावर नाव कुणाचे, तारीख कोणती? नाकारलेला माल वेगळा ठेवला आहे की चांगल्याच्याच शेजारी? साचे कोठे आहेत, आणि त्यांवर मालकाची खूण आहे का? साच्याचे पैसे खरेदीदाराने भरलेले असतात, परंतु साचा राहतो कारखान्यात. बेबनाव झाला की तो परत मिळवणे दुर्घट होते. दुपारी बाराच्या सुमारास दिवे मालवले जातात आणि कामगार जेवून टेबलावर डोके ठेवून घटकाभर झोपतात. नवखा पाहुणा हे पाहून कारखाना बंद पडला की काय असे समजतो. जिने मोकळे आहेत का, बाहेर पडण्याच्या दारांना कुलपे तर नाहीत ना, हे पाहण्याची ही उत्तम वेळ.

दुभाषा बहुधा विशीतली मुलगी असते. तिला तंत्राचे शब्द येतात, पण दोन माणसांमधील संकोच भाषांतरित करता येत नाही. ‘होय’ या चिनी उत्तराचा अर्थ पुष्कळदा ‘ऐकले’ इतकाच असतो. ‘करीन’ असा नसतो. आपल्याकडेही ‘बघू’ या शब्दाला नकाराची छटा आहे, हे परप्रांतीयाला कुठे लवकर उमगते? भाषेचे मोल जाणणारे उदाहरण आपलेच आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी शिकले, चिनीतून शल्यक्रिया शिकवू लागले आणि १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. ‘के दिहुआ’ हे त्यांचे चिनी नाव तेथील जुन्या पिढीला अजून ठाऊक आहे. व्यापाऱ्याने डॉक्टर व्हावे असे नव्हे. वीस शब्द शिकून जावे.

मालाची तपासणी हा स्वतंत्र विषय, पण एक आकडा सांगण्याजोगा आहे. ५,००० नगांच्या मागणीतून, सर्वत्र मान्य असलेल्या नमुना-पद्धतीच्या नेहमीच्या पातळीनुसार, २०० नग उचलून पाहतात. मोठ्या दोषांसाठी अडीच टक्क्यांची मर्यादा ठरली असेल, तर त्या २०० मध्ये १० सदोष निघाले तरी माल स्वीकारतात, ११ निघाले की नाकारतात. गणिताच्या दृष्टीने हे रास्त आहे. मात्र अकरावे खेळणे ज्या मुलाच्या हाती जाणार असते त्याला टक्केवारी माहीत नसते.

खेळण्यांचाच विषय निघाला आहे, तर २००७ चे प्रकरण टाळता येत नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मॅटेल या अमेरिकी कंपनीने, रंगात शिसे आढळल्यामुळे, लाखो खेळणी बाजारातून परत मागवली. ती फोशान शहरातील एका कारखान्यात बनली होती. त्या कारखान्याशी कंपनीचा संबंध सुमारे पंधरा वर्षांचा, म्हणजे विश्वासाचा. रंग मात्र कारखान्याने दुसऱ्याकडून घेतला होता; तो रंगवाला मालकाचा स्नेही होता असे वृत्त त्यावेळी आले. कारखान्याची निर्यात थांबवण्यात आली, आणि काही दिवसांतच मालकाने आपले जीवन संपवले. त्याच महिन्यात आणखी कितीतरी अधिक खेळणी परत मागवली गेली, ती त्यांतील लहान लोहचुंबके सुटून मुलांच्या पोटात जाण्याच्या भीतीने. जगभर बोट एकाच दिशेने रोखले गेले : चिनी माल. सप्टेंबरमध्ये कंपनीचा वरिष्ठ अधिकारी पेइचिंगला गेला आणि त्याने जाहीर क्षमायाचना केली. परत मागवलेल्या खेळण्यांतील बहुतांश दोष कंपनीच्या स्वतःच्या आराखड्याचा होता, चिनी कारखान्यांच्या घडणीचा नव्हता, असे त्याने मान्य केले. तोपर्यंत फोशानच्या त्या माणसाला ते ऐकता येणार नव्हते.

शिशाचा रंग वापरला गेला हे खरेच, आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. तथापि तपासणाऱ्याने कारखाना पाहिला आणि रंगाच्या डब्यापाशी तो थांबला. डबा कुठून आला हे त्याने विचारले नाही. फॉर्च्यूनला निळी बोटे दिसली, कारण तो बोटांकडे पाहत होता.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. खेळण्यांवरील आयातकर त्याआधीच, २०२० मध्ये, २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेण्यात आला होता. २०२३ मध्ये तो ७० झाला. पालकांनी दुकानात खोके उलटून ते चिन्ह पाहावे, एवढी विनंती येथे अस्थानी ठरू नये. आयातदाराच्या प्रवासाचे स्वरूपही त्यामुळे पालटले. तयार बाहुली आणण्याऐवजी तो आता निंगबोला जाऊन प्लास्टिक ओतण्याचे यंत्र पाहतो, साचे पाहतो, आणि इथे आपल्या गावी छपराखाली ते कसे बसेल याची मापे घेतो. मधल्या काळात, २०२० पासून २०२५ पर्यंत, दोन्ही देशांत थेट विमानसेवाही नव्हती. बँकॉक वा सिंगापूरचा वळसा घालून माणसे जात राहिली.

भेटीच्या अखेरीस भावाची घासाघीस होते. नगामागे शेवटचे पन्नास पैसे सोडवून घेण्यात दोन्ही बाजूंना एक प्रकारचा आनंद असतो. पुरवठादार हसतो, मान हलवतो आणि तयार होतो. त्या पन्नास पैशांची भरपाई तो कोठून करणार, हे जाणता खरेदीदार तिथल्या तिथे विचारतो. रंगातून, प्लास्टिकच्या जाडीतून, की रात्रपाळीच्या मजुरीतून? काही पुरवठादार या प्रश्नाने रागावतात. काही मात्र वही उघडून हिशेब दाखवतात, आणि तेव्हा बहुधा त्यांतले तीस पैसे परत दिले जातात. तीस टक्के विसार, उरलेले सत्तर टक्के माल जहाजावर चढल्याच्या कागदाची प्रत आल्यावर, असा करार होतो. लाल शिक्का उमटतो.

मान्य झालेल्या नमुन्याचे दोन नग असतात. दोन्हींवर दोघांच्या सह्या व तारीख घालून ते पिशवीत मोहोरबंद करतात. एक कारखान्याच्या भिंतीवर खिळ्याला लटकतो. दुसरा खरेदीदाराच्या सामानातून, कपड्यांच्या घडीत, घरी येतो आणि कपाटात राहतो. तीन महिन्यांनी कंटेनर येतो. पहिले खोके फोडले जाते, वरचा नव्हे तर तळाचा एक नग काढला जातो, कपाटातली पिशवी आणली जाते, आणि दोन्ही वस्तू खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवल्या जातात.